सहा सांगून पाच

फुलचूरला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथले सर 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे. नवा कम्पायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, टाकला की आधी स्वतःचा एक प्रोग्राम चालवून बघायचे. त्यातलं फंक्शन कितीही आकड्यांची बेरीज करायचं. फक्त आकडे किती, ते आधी सांगावं लागायचं. सर मुद्दाम सहा सांगून पाचच द्यायचे आणि मला हाक मारायचे.

"पाहा भाऊ, एक कमी हाये, पण हा कम्पायलर बोलून नाही राहिला. मेमरीत बाजूले जे पडलं असंल ते उचलते अन् बेरीज सांगते."

उत्तर भलतंच यायचं. सर हसायचे नाहीत. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत त्या आकड्याकडे बघत राहायचे. पुढचा कम्पायलर आला की पुन्हा तेच. मला त्यांचा हा नाद विचित्र वाटायचा.

दुपारच्या बॅचला सहा जण होते. त्यातली सालेकसाहून गाडीने येणारी मुलगी तापाने गेली. आठवड्याने क्लास पुन्हा सुरू झाला, तेव्हा सरांनी सहाही कॉम्प्युटर चालू केले आणि माझ्या काउंटरशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, चला. बसा थोडे."

"मी कायले सर? मले काय समजते त्यातलं?"

"नाही समजलं तरी चालते. बसा."

मी तिच्या खुर्चीवर बसलो. सरांनी तासभर शिकवलं, माझ्याकडे एकदाही न बघता. शेवटी बोटाने मोजत सगळ्यांवरून गेले, "सहा" म्हणाले आणि हजेरीत तसंच लिहिलं.

पाचांपैकी कोणी काही बोललं नाही. मीही नाही.