नव्या होजवरचा चिखल

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. संघटनेच्या बैठकीत नाही, घरी आईजवळ नाही, जवळच्या मित्रांत तर मुळीच नाही. दुसऱ्यांना कबूल करायला लावणं हे माझं काम. तहसीलच्या पायरीवर उभं राहून "जबाब द्या, जबाब द्या" असं ओरडून माझा आवाज कायमचा बसला आहे. पण एक प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही, कारण तो विचारण्यासारखा आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग आज मी आपणहून का बोलतोय?

थकलो म्हणून. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

आधी गाडीचं सांगतो. गाडीचं सांगणं सोपं आहे.

प्रेम माझा दोस्त. आर्णीपासून जवळच्या एका तांड्यावरचा. कापसाचा पिकअप चालवायचा — शेतातून जिनिंगपर्यंत, चिखल असो, नाला असो, गाडी अडकली असं त्याच्या बाबतीत कुणी ऐकलं नव्हतं. तांड्यावरच्या बाळंतिणीसुद्धा त्याच्याच गाडीतून दवाखान्यात जायच्या. त्याच्या डोक्यात एक वेड होतं. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा लदेणीवर जायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखच्या मुलूख तुडवायचे. ती वाट आपण गाडीनं करायची, थेट मारवाडापर्यंत. हायवे सोडून, आतल्या वाटांनी, तांड्या-तांड्यावर मुक्काम करत.

आणि मी? मला त्यात मोहीम दिसली. इतके तांडे, एकालाही धड रस्ता नाही — गाडीला फलक लावू, गावोगाव सभा घेऊ, पत्रकं वाटू. त्याला वाट पाहिजे होती, मला मागणी पाहिजे होती. एकाच गाडीत दोन्ही बसतील असं वाटलं.

लिलावातली जुनी जीप मिळाली. पत्रा कुजलेला, इंजिन मात्र दणकट. प्रेमच्या घराजवळच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही ती उभी केली आणि एक अख्खा हंगाम तिच्यामागे घातला. कुजका पत्रा कापून नवा जोडला. मोठे टायर आणले. ते बसावेत म्हणून मागेपुढे कमानदार पाटे टाकून गाडी उंच केली. टपावर लोखंडी कॅरियर, त्यावर पाण्याची टाकी आणि दोन जादा चाकं. आत झोपायला फळ्यांचा माचा, खाली भांड्यांचे खण. नाल्याच्या पाण्यात इंजिन बंद पडू नये म्हणून हवेची नळी पार टपापर्यंत नेली. वेल्डिंग मी शिकलो. खालची कामं माझ्याकडे, इंजिन आणि गिअर प्रेमकडे — अशी वाटणी झाली होती. ही वाटणी लक्षात ठेव.

प्रेमची आई, तिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो, रोज संध्याकाळी शेडच्या दारात येऊन उभी राहायची.

"एवढी उंच कायले केली रे बाबू? मले चढाले शिडी देशीन का?"

"तुले उचलून ठेवतो याडी," प्रेम गाडीखालून ओरडायचा. "अन् याच्या पत्रकात तं तू कवाच मारवाडात पोचली!"

पत्रकावरून तो मला सतत डिवचायचा. "काय बे, आपली गाडी चंद्रावर जाऊन राह्यली का? तुह्या कागदात तं तसंच दिसते." मी हसायचो. खरं सांगू? मला आवडायचं ते. गाडी शेडमध्ये होती, पण ती पहिली माझ्या पत्रकात धावली.

आता होजकडे येतो. येतो-येतो म्हणत किती फिरवलं तुला!

गाडी उंच केली की एक गोष्ट करावीच लागते. चेसिसकडून मागच्या चाकांच्या दांड्याला, आक्सलला, ब्रेकची एक रबरी नळी जाते, तिला आम्ही होज म्हणतो. गाडी उंच झाली की आक्सल खाली जातो आणि जुना होज तोकडा पडतो. चाक खड्ड्यात लोंबलं की तो ताणतो. जुन्या जीपला ब्रेकची लाइन एकच — एक होज गेला की चारही चाकांचा ब्रेक गेला. हे मला माहीत होतं. कुणी शिकवायची गरज नव्हती. मी स्वतः गाडीखाली झोपून तो होज पाहिला होता, बोटानं दाबून पाहिला होता. खुंट्याला ताणून बांधलेल्या दोरीसारखा ताठ होता.

लांब होज यवतमाळला मिळत होता. जाऊन-येऊन, बसवून, ब्रेकमधली हवा काढून एक दिवस गेला असता. आणि निघायचा दिवस उद्यावर आला होता.

मग निघायचा दिवस पुढे का नाही ढकलला? त्याचं उत्तर ऐकशील तर तुला माझी कीव येणार नाही, राग येईल. पत्रक छापून झालं होतं. तारीख त्यावर जाड अक्षरात होती. कळंबपासून कार्यकर्ते येणार होते, यवतमाळहून दोन वार्ताहर येणार होते. छापलेली तारीख मागे घ्यायची म्हणजे आमच्यासारख्यांना नाक कापल्यासारखं वाटतं. आम्ही सरकारला तारखांवरूनच झोडपतो ना! मी मनाशी म्हटलं, पहिला मुक्काम यवतमाळलाच आहे, तिथं पोचलो की बदलू. तिथवर काय होतं?

संध्याकाळी प्रेमनं हात पुसता पुसता विचारलं, "होज बदलला ना बे?"

"बदलला," मी म्हणालो. मान वर करूनही पाहिलं नाही. फलकाला रंग देत होतो.

झालं. कबुली एवढीच. पण याच्यानंतर मी जे केलं ते याहून वाईट आहे.

सकाळी तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे भोग लागला, अरदास झाली. बायांनी गाणी म्हटली. मी पंधरावीस वाक्यांचं भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. याडी म्हणाली, डांबरी फाट्यापर्यंत मी येते, लदेणीच्या वाटेवर माझे पाय नाही लागले तर टायर तरी लागू दे. प्रेमनं तिला खरंच उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. मी मागे, माच्यावर.

तांड्यातून फाट्याकडे जाताना एक नाला आहे आणि त्याच्याकडे उतरणारा दगडगोट्यांचा उतार. मागचं चाक एका घळीत लोंबलं. खालून एक हिसका बसला — फट् असा लहानसा आवाज झाला. तो मीच ऐकला. मला कळलं. मी माच्याची फळी धरली. प्रेमनं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला. भरलेली गाडी थांबली नाही. नाल्याच्या कडेच्या खडकावर चढून ती याडीच्या बाजूला पडली.

याडीचा खुबा मोडला.

लोक धावत आले. तिला बाजेवर घालून फाट्यापर्यंत नेलं, तिथून यवतमाळच्या दवाखान्यात. प्रेम तिच्याबरोबर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "पॅडल खाली गेलं का माहा पाय घसरला, मले काई समजूनच नाई राह्यलं." ट्रॅक्टरनं ओढून गाडी शेडमध्ये आणली. सगळा तांडा दवाखान्याच्या काळजीत. शेडकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी यवतमाळला गेलो. याडीला पाहून आलो, तिच्या उशाशी बसलो, तिचा हात हातात धरला. आणि परत येताना लांब होज घेऊन आलो.

भर दुपारी, एकट्यानं, तो बसवला. तुटलेला काढून विहिरीत टाकला. बाटलीत नळी सोडून ब्रेकमधली हवा एकट्यानंच काढली. नवा होज काळा, चकचकीत दिसत होता, तर नाल्याचा चिखल आणून त्यावर चोळला. नीट, सगळीकडून, फटी-फटीत. इतकं मन लावून मी दुसरं कुठलं काम त्या गाडीवर केलं नव्हतं.

प्रेम परत आला तेव्हा कुणाशी न बोलता सरळ शेडमध्ये गेला. सीटवर बसला. पॅडल दाबलं. पुन्हा दाबलं.

"कडक हाय," तो म्हणाला.

मी बाहेर उभा होतो. म्हणालो, "मी पाहिला होता. ब्रेक चांगला आहे."

तो बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे पाहत बसला. मग उतरला. त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. पिकअप आता तांड्यावरचाच दुसरा कुणी चालवतो. प्रेम मागे पोत्यांवर बसून जातो — हमाल म्हणून. तांड्यावरचे लोक वाईट नाहीत, पण थट्टा कुणाला सुटते? "प्रेमभाऊ, पाय जाग्यावर हाय ना?" असं कुणी म्हटलं की तोही हसतो. तो हसतो ना, तेव्हा मी दुसरीकडे पाहतो.

आणि मी काय केलं? पत्रक काढलं. "या रस्त्यानं एका आईचा खुबा मोडला." काय आग होती त्यात! मी रडलोसुद्धा लिहिताना — तेव्हा वाटलं होतं, संतापानं. मी स्वतःला सांगत राहिलो की मागणी तर खरी आहे. रस्ता खरंच भिकार होता. खऱ्या मागणीला एक खोटं कारण जोडलं तर काय बिघडलं? उपोषण केलं. धरणं धरलं. रस्ता झाला. नाल्यावर पूल झाला, डांबर पडलं.

याडी आता त्याच रस्त्यानं वॉकर धरून फिरते. मी दिसलो की थांबते. "तुह्यामुळं सडक झाली रे बाबू." दर वेळी. आणि मी दर वेळी म्हणतो, "तुमच्यामुळं झाली याडी." लोकांना तो माझा विनय वाटतो.

इथंच थांबलो असतो तरी कदाचित अजून काही वर्षं गप्प राहिलो असतो. पण मागच्या महिन्यात प्रेमनं जीप विकायला काढली. नागपूरहून एक जोडपं आलं, लांबच्या सफरींवर जाणारं, गाडीच्या प्रेमातच पडलं. माचा उघडून पाहिला, टाकी पाहिली, खाली वाकून पाटे पाहिले. त्या माणसानं पडल्याच्या खुणा पाहून विचारलं — पलटली होती का?

प्रेमनं लपवलं नाही. म्हणाला, "पलटली होती. पण गाडीत काई खोट नाई सायेब. खोट माह्या पायात होती. बिनधास्त न्या."

मी बाजूलाच होतो. हातात किल्ली होती, ती मीच त्यांना दिली. बोलायला जागा होती. वेळ होता. वार्ताहर नव्हते, तारीख नव्हती, कुठलीही चळवळ अडत नव्हती. त्या दिवशी माझ्याजवळ एकही बहाणा नव्हता — आणि तरी मी बोललो नाही. तेव्हा मला कळलं की आधीचेही बहाणे नव्हतेच. मला फक्त चांगलं दिसायचं होतं. पहिल्यापासून एवढंच.

गाडी गेली. नव्या रस्त्यावरून, नव्या पुलावरून, खडखड न करता गेली. प्रेम ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता, मग पोती चढवायला निघून गेला.

तुला सांगून मी मोकळा झालो असं समजू नकोस. तुझं यात काही गेलेलं नाही, म्हणून तुला सांगणं जमलं. उद्या सकाळी तांड्यावर जाणार आहे. प्रेम असेल, याडी असेल. कागद नेणार नाही. कागदावर मी फार सफाईनं बोलतो. त्याला आधी त्याचं सांगेन — त्यानं ब्रेक वेळेवर दाबला होता, दोनदा दाबला होता, त्याचा पाय घसरला नव्हता. ते त्याला पुरतं कळू देईन.

मग माझं सांगेन.