टाळूवरचा थर

लग्नाची सुपारी फुटल्यानंतर आठवड्याभरात मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, कारण खाज सहन होईना. शाळेत फळ्यावर लिहितालिहिता मी खडूच्या हातानंच डोकं खाजवायची. मागच्या बाकावरच्या मुली हसायच्या, ते मला पाठमोरीलाही कळायचं.

दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला आणि त्यानंतर माझा भांग रुंद होत गेला. त्यातच बघायला पाहुणे यायचे. पार्लरवाल्या ताईंनी केसांच्या रंगाची बारीक पावडर दिली. ती टाळूवर भुरभुरायची, वरून स्प्रे मारायचा, की विरळ जागा झाकून जायची. आधी पाहुण्यांपुरती लावली, मग शाळेत, मग घरात आईसमोरही. धुतलं तर सगळं उघडं पडणार, म्हणून धुणंच लांबवायला लागले. जुन्यावर नवा थर चढत गेला.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ घेतला आणि कापसानं थर थोडा पुसून बघितला.

"हे सगळं आधी निघालं पाहिजे. नखं लावायची नाहीत. तेलानं भिजवून, मी देते त्या शाम्पूनं हळूहळू काढा."

"मग केस येतील?"

"थरामुळं केस गेले असं नाही. पण त्याखाली ते जात होते आणि तुम्ही बघितलंच नाही. लवकर आला असता तर बरंच थांबवता आलं असतं."

रिक्षानं कसबा बावड्याला घरी येईपर्यंत मला रडूही आलं नाही.

रविवारी सकाळी आईला सांगितलं, "डोक्यावर पाणी घाल." ती पाटावर बसली, मी तिच्यापुढं वाकले. तेलानं मऊ झालेला थर खपल्यांसारखा सुटायला लागला. पहिलं पाणी काळं गेलं, दुसरंही. आई म्हणाली, "रंग लावलास व्हय?" चौथ्या तांब्याला तिचा हात थांबला.

"अगं, हितं केसच न्हाईत की."

तांब्या खाली ठेवून ती माझ्या टाळूवरून बोटं फिरवत राहिली. लहानपणी वेणी घालताना फिरवायची तशी नाही. काहीतरी हरवलेलं शोधावं तशी. मग म्हणाली, "लग्नापतूर कुणाला बोलू नगंस."

पण टाळू लाल, सोललेली होती. आता तिच्यावर काही लावणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला लपवायचा कंटाळा आला होता. मुलगा हातकणंगल्याचा, डेअरीत नोकरीला. दुपारी मीच त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"लग्नापर्यंत लावत राहा की," तो म्हणाला. "फोटोपुरतं. नंतरचं नंतर बघू."

"डोकं सोललंय. लावता येत नाही."

"मग घरी काय सांगू मी?"

"खरं ते सांगा."

पलीकडं टीव्हीचा आवाज येत राहिला. "बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांचा आईला फोन आला. जमत न्हाय, एवढंच म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही.

आई माझ्याकडं वळली. "तुला कुणी इच्यारलं होतं का? कशाला बोललीस?"

मी शाळेची पिशवी उचलून बाहेर पडले.

खाज गेली, टाळू स्वच्छ झाली. सहा महिने औषध लावलं. प्रत्येक खेपेला डॉक्टरबाई दिवा जवळ घ्यायच्या आणि "अजून थोडं थांबू" म्हणायच्या. शेवटच्या खेपेला तेही म्हणाल्या नाहीत. मी पुढची तारीख घेतली नाही.

आता घरी कुणी बघायला येत नाही. परवा शेजारच्या काकूंनी माझ्या लग्नाचं विचारलं. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते. आई शांतपणे म्हणाली, "तिलाच करायचं न्हाय."