मुहूर्तावरचं शून्य

"झीरो करा आणि मग जा."

"जमणार नाही."

"एक बटण दाबायचंय, अहो. पावागड चढायचा नाहीये."

"निरू, ते झीरो दसऱ्याच्या मुहूर्तावर केलेलं आहे. मोडायचं नाही."

"शून्य कसं मोडतं, ते एकदा माझ्या नववीच्या वर्गाला येऊन समजवा."

बडोद्याच्या समा भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवार असा उजाडला होता. हॉलच्या मधोमध व्यायामाच्या स्टँडवर चढवलेली सायकल, तिच्यावर घट्ट काळ्या चड्डीतले विक्रमसिंह मोहिते, आणि समोर चहाचा कप घेऊन त्यांची बायको निरुपमा. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिच्याशी भांडताना पुरावे लागतात. सोफ्यावर आईसाहेब, मथुराबाई, दोन्हीकडे आळीपाळीने बघत होत्या.

विक्रमसिंहांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, मिशा राहिल्या. त्या मिशांसकट विक्रमसिंह गोरव्याच्या एका व्हॉल्व्ह कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतात. दाबाच्या मीटरचा काटा शून्यापासून केसभर सरकलेला दिसला, की मीटर परत. 'ज्याचं शून्य खोटं, त्याचं सगळं खोटं' हे वाक्य त्यांनी तिथल्या भिंतीवर मराठीत आणि गुजरातीत लावून घेतलंय. सप्लायर ते वाचून घाम पुसतात.

पंचेचाळिशीत डॉक्टर म्हणाले, जरा हालचाल करा. दुसरा कोणी बागेत चालायला गेला असता. विक्रमसिंहांनी रेसची सायकल घेतली आणि तिच्या डाव्या पेडलच्या दांड्यावर पॉवर मीटर बसवला. पाय किती जोर लावतोय ते मोजून तो हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वॉटमध्ये दाखवतो. तेव्हापासून घरात 'दमलो' हा शब्द बंद झाला. आता आकडे येतात. बडोदं ताटासारखं सपाट, चढ म्हणाल तर उड्डाणपूल. तो एकच पूल विक्रमसिंह पहाटे पुन्हापुन्हा चढतात. चहावाल्याला वाटतं, ह्यांचं काहीतरी हरवलंय.

"किती वॉट म्हणालास?" आईसाहेबांनी एकदा विचारलं होतं.

"दोनशे. सलग तासभर."

"आपला मिक्सर साडेसातशेचा आहे. आणि तो चटणी तरी करतो."

मग दसरा आला. मोहित्यांकडे आजोबांची तलवार निघते, पुसली जाते, पुजली जाते. यंदा आईसाहेब म्हणाल्या, शस्त्र आणि वाहन वेगळं कशाला, मोहित्यांचा घोडा आता हाच. पूजेत पेडल फिरू नये म्हणून त्यांनी सायकलचं पुढचं पेडल लाल नाड्याने चौकटीला बांधलं आणि मागच्या, मीटरवाल्या पेडलवर तलवार पट्ट्याने अडकवली. वर झेंडूचा हार. आरती झाली, फाफडा-जिलेबी आली, आणि नेमका विजय मुहूर्त साधून विक्रमसिंहांनी मीटर झीरो केला. तलवार लटकलेली असताना.

मीटर बिचारा हुकमाचा ताबेदार. मागे ओढणाऱ्या तलवारीसकट जे आहे तेच शून्य, असं त्याने मानलं. तलवार निघाली, आणि तेव्हापासून विक्रमसिंहांच्या प्रत्येक पावलात तिचं वजन जमा होऊ लागलं. दुसऱ्याच दिवशी दोनशेचे दोनशे साठ झाले. विक्रमसिंहांचे डोळे पाणावले. खरं तर मीटर रोज, पेडलवर काही भार नसताना, झीरो करायचा असतो. पण शुभ आकड्याला हात कोण लावणार? मीटर आपोआप झीरो होण्याची सोयसुद्धा त्यांनी बंद करून टाकली.

सायकल ग्रुपमध्ये अभिनंदनाचे हार पडले. "विक्रमभाई, शुं वॉट छे!" आज हालोल रस्त्यावर चौघांच्या संघाची शर्यत होती. ज्याचा आकडा मोठा, त्याने पुढे राहून वारा कापायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला राहायचं. वर्षानुवर्षं पुढे राहणारा दातांचा डॉक्टर शुभंकर मागे सरकला. मोहिते पुन्हा पुढे आले. आजोबा कायम तिसऱ्या रांगेत होते, हे घरात कोणी बोलत नाही.

"पाय तेच, पोट तेच," निरुपमा म्हणाली, "आणि पुलावर माझी स्कूटर तुम्हाला आता आधीपेक्षा लवकर गाठते. मग साठ वॉट आले कुठून?"

"सराव."

"तलवार. डावीकडे लटकली होती, मी बघितलीय."

"माझ्या सासऱ्यांच्या तलवारीने बळ दिलं, तर बिघडलं काय?" आईसाहेब म्हणाल्या.

"काही नाही, आईसाहेब. मग आज पुढे तिलाच बसवा."

विक्रमसिंहांनी पाण्याची बाटली उगीचच काढून परत लावली.

"कारखान्यात असा मीटर आला असता तर?" निरुपमाने आवाज खाली आणला. "शुभंकर भावजी तुमच्या भरवशावर मागे राहणार. अर्ध्या रस्त्यात तुम्ही गळालात की चौघं बुडणार. मुहूर्ताचं बळ खरं असेल, तर झीरो केल्यावरही राहील ना?"

विक्रमसिंह सायकलवरून उतरले. पेडल मोकळं सोडलं, आणि कारखान्यात परत पाठवायच्या मालाकडे बघतात तसं पडद्याकडे बघत बटण दाबलं. मग पुन्हा चढून जीव खाऊन पेडल मारू लागले. खिडकीची काच थरथरली. मिशीच्या टोकावरून घाम ठिबकला. पडद्यावरचा आकडा दोनशेपर्यंत चढला, तिथे थोडा घुटमळला आणि तिथेच राहिला.

निरुपमाने टॉवेल पुढे केला.

खालून, गेटपाशी, शुभंकरची शिट्टी आली. मागोमाग कोणीतरी ओरडलं, "विक्रमभाई, आगळ तमारे ज रहेवानुं छे ने?"

"पुढे तूच ना, विचारतायत," आईसाहेब कौतुकाने म्हणाल्या. "सांग की त्यांना. गॅलरीतूनच सांग, सगळ्या सोसायटीला ऐकू जाऊ दे."

विक्रमसिंहांनी सायकल स्टँडवरून उतरवली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला, तो एका झटक्यात लागला नाही.

"अहो," निरुपमा म्हणाली, "सांगणार ना त्यांना?"

"दोनशेच आहेत म्हणून सांगतो, खाली जाऊन," म्हणत त्यांनी सायकल खांद्यावर घेतली, दार पायाने लोटलं आणि ते जिना उतरू लागले.