एका घराच्या वस्तीची सदस्य

सुनकेसरी दिदी पहिल्यांदा वॉर्ड सदस्य झाली तेव्हा तिला कुणी मत दिलं नाही. द्यायची वेळच आली नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक वॉर्डातली एक जागा दलित बाईची असते. आमच्या वॉर्डात दलितांचं घर उरलं होतं एक, आणि त्या घरात माणूसही एकच, ती.

धुरीखर्क या आमच्या गावात पूर्वी कामींची, म्हणजे लोहारांची, सात घरं होती. विळे, कोयते, नांगराचे फाळ सगळं त्यांच्याच हातचं. त्यांनी केलेला विळा चालायचा, त्यांनी शिवलेलं पाणी चालायचं नाही. पुढे बाजारात तयार विळे आले आणि एकेक घर डोंगर उतरून खाली तराईत गेलं. दिदीचा नवरा मनवीर छातीच्या दुखण्यानं वारला, भाता थंड झाला. मुलगा यामबहादुर बुटवलला ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. दर दसैंच्या सणाला घरी आला की म्हणायचा, "आमा, चल आता." आणि ती म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू. शेळी व्यायची आहे."

मी तेव्हा त्या वॉर्डाचा सचिव होतो. मी मगर जमातीचा, म्हणजे ज्यांचं पाणी चालतं त्यांतला, पाल्पाकडचा. वॉर्डाचे अध्यक्ष टंकप्रसाद खत्री यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, जेवणही त्यांच्याकडेच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मीही आहे.

निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात एके दिवशी दोन्ही पक्षांची माणसं दिदीच्या अंगणात आली. एक पक्ष बोलत होता तोवर दुसरा आक्रोडाच्या झाडामागे थांबला होता. दिदी शेळीला पाला घालत होती.

"दिदी, यंदा तुम्ही उभं राहायचं."

"उभीच आहे की मी सकाळपासून. बसायला कुठं मिळतंय?"

"तसं नव्हे हो. निवडणुकीला. दलित सदस्य म्हणून."

"मला लिहिता-वाचता येत नाही."

"आम्हाला तरी कुठं धड येतं?" असं म्हणून ते सगळे हसले, आणि तीही हसली. वीस वर्षांत तिच्या अंगणात एवढी माणसं आली नव्हती. कधी आलीच तर विळ्याला धार लावायला, आणि तेव्हाही कुंपणाबाहेरून हाक मारून विळा आत फेकायची.

ती हो म्हणाली. मग झाडामागचे पुढे आले. त्यांना म्हणाली, "तुम्ही उशीर केलात बाबांनो. आत्ताच शब्द दिला." दुसऱ्या पक्षाला दुसरी बाई आणायची कुठून? दिदी बिनविरोध निवडून आली. विजयी मिरवणुकीत तिलाही अबीर लावला. लावणाऱ्यानं तो वरून सोडला, कपाळाला बोट न लावता.

कार्यालयात अध्यक्षांसकट पाच जणांची बैठक व्हायची. मी वृत्तांत वाचून दाखवायचो, ती मान हलवायची आणि जिथं बोट ठेवीन तिथं सही करायची. सही ती माझ्याकडूनच शिकली. 'सुन' नीट यायचं, 'केसरी'पाशी ओळ वर चढायची. चहा सगळ्यांना एकाच प्रकारच्या कपात मिळायचा. चहा झाला की बाकीचे कप टेबलावर राहायचे आणि आपला कप उचलून दिदी बाहेर जायची, विसळून पालथा घालायची. तिला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं. "राहू द्या" असंही कुणी म्हणालं नाही. मी तेवढ्या वेळात कागद लावत बसायचो.

दुसऱ्या वर्षी तिनं बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "मला एक नळ पाहिजे." गावाच्या विहिरीवर तिला पाणी भरू देत नव्हते. खालच्या ओढ्यावरून पाणी चढवायचं तर अर्धी सकाळ जायची, आणि गुडघे आता कुरकुरायला लागले होते.

अध्यक्ष म्हणाले, "एका घराला एक नळ कुठल्या नियमात बसतो, दिदी?"

"एका घरातून एक सदस्य बसते, मग नळ का नाही बसत?"

मग अध्यक्षच हसले आणि म्हणाले, "घ्या, सचिवसाहेब, लिहून घ्या." योजनेचं नाव पडलं 'दलित वस्ती पिण्याचे पाणी'. पालिकेनं लगेच मंजूर केली, कारण त्या नावाची एक तरी योजना त्यांना दाखवायचीच असते.

नळ उभा राहिला खत्री टोल्यात, म्हणजे खत्रींच्या आळीत, पिंपळाच्या पाराशेजारी. दिदीच्या घरापासून वर, पाच मिनिटांच्या चढावर. पाइप खालपर्यंत पुरला नाही, असं सांगण्यात आलं. पाइप पुरला असता. मोजमाप मीच लिहिलं होतं. शेजारी निळी पाटी लागली. दिदीनं मला विचारलं, "सर, काय लिहिलंय हो?"

मी वाचून दाखवलं.

"वस्ती म्हणजे मीच ना?"

"हो."

"मग मी आता इथं पाराखाली राहायला यायचं का?"

ती दोन दिवस घरातून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी भर सकाळी घागर घेऊन नळावर गेली. तिथं पाच-सहा बाया होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. दिदीनं घागर नळाखाली लावली आणि बायांनी आपापल्या भरलेल्या घागरी तिथंच उपड्या केल्या. पाणी पाराखालून वाहत गेलं. बाया बाजूला उभ्या राहिल्या. दिदीनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि उतरली.

त्यानंतर ती नळावर यायची तेव्हा तिथं कुणीच नसायचं. बायांनी वेळा बदलल्या. ती चढताना दिसली की पोरं ओरडायची आणि पार मोकळा व्हायचा. याच बाया पूर्वी तिच्या कुंपणापाशी उभ्या राहून सासवा-सुनांची गाऱ्हाणी करायच्या, अंतर राखून का होईना, पण तासभर. एकदा ती मला म्हणाली, "सर, पाणी आलं. बोलणं गेलं तेवढं." तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. शेळी विकली, असं सांगावं तसं.

मुदत संपायच्या आधीच्या थंडीत ती आजारी पडली आणि यामबहादुर येऊन तिला बुटवलला घेऊन गेला. पुढचं मला तिनंच सांगितलं, बैठकीआधी बाकीचे यायची वाट पाहत आम्ही दोघं बसायचो तेव्हा. थोडं थोडं सांगायची.

बुटवलला खोली चांगली होती, वर गच्ची, खाली मोरी. बसमधून उतरता उतरता मुलानं बजावलं, "आमा, इथं आपण लामिछाने. विश्वकर्मा म्हणायचं नाही, त्या आडनावावरून कामी कळतात."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला? आपलं मूळचं कूळ लामिछानेच आहे. बामणातही लामिछाने असतात, आपल्यातही असतात. लोक काय समजतात ते लोकांनी बघावं. चार खोल्या हातच्या गेल्या, तेव्हा ही मिळाली."

घरमालकीण पौडेलबाई विधवा. मुलं ऑस्ट्रेलियात. दिवसभर बोलायला कुणी नाही. पहिल्याच आठवड्यात ती गच्चीवर आली आणि दिदीच्या शेजारी उन्हात बसली. अगदी लागून. दिदी सरकली, तशी तीही सरकली. "अहो दिदी, पडाल की खाली," पौडेलबाई म्हणाली.

मग रोजचंच झालं. दोघी मिळून गुंद्रुकचा आंबवलेला पाला वाळत घालायच्या, मोहरी निवडायच्या, एकमेकींच्या केसाला तेल लावायच्या. पौडेलबाई दिदीच्या हातचा चहा प्यायची आणि वर म्हणायची, "सुनेला शिकवा जरा, तुमच्यासारखं आलं ठेचायला." दिदी एकोणसाठ वर्षांची होती. जन्मात पहिल्यांदा जातीबाहेरचं माणूस तिच्या हातचं प्यालं होतं. मला सांगताना तिनं हात उलटसुलट करून पाहिला होता.

एकदा पौडेलबाईनं विचारलं, "गावी काय करायचात? नुसती शेती?"

दिदीला सांगावंसं वाटलं. तिच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. "मी वॉर्ड सदस्य आहे," ती म्हणाली.

"अगंबाई! आणि इतके दिवस बोलला नाहीत?" मग जरा थांबून, "महिला सदस्य ना?"

वॉर्डात बायांच्या जागा दोन. एक महिला सदस्य, एक दलित महिला सदस्य.

"हो," दिदी म्हणाली.

पौडेलबाईनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. भाजीवाल्यापाशी सांगितलं. येता-जाता 'सदस्यज्यू' म्हणायला लागली. फाल्गुनात तिच्याकडे सत्यनारायणाची पूजा ठरली. ती म्हणाली, "प्रसादाचा शिरा तुम्ही करायचा, सदस्यज्यू. माझा मेला दर वेळी करपतो."

पूजेच्या आदल्या दिवशी पहाटे दिदीनं बोचकं बांधलं. मुलगा दारात आडवा उभा राहिला. "करून टाक ना एकदाचा शिरा! कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"पाच वर्षं तिथं कप विसळलास, तेव्हा नाही कळलं? इथं कुणीतरी जवळ बसतंय, तर पळतेस!"

त्याचंही चुकत नव्हतं. हे तीच मला म्हणाली. ती बसमध्ये बसली. मुलानं पौडेलबाईला सांगितलं, मामा अत्यवस्थ आहे.

उमेदवारी अर्जाचे दिवस आले आणि दोन्ही पक्ष पुन्हा अंगणात. या वेळी झाडामागे कुणी थांबलं नाही, एकत्रच आले. "दिदी, तुम्ही परत आलात ते बरं झालं, नाहीतर जागा रिकामी राहिली असती," ते म्हणाले. दुसऱ्यांदा बिनविरोध. मी विचारलं, "दिदी, तिकडे सोबत होती, नातवंडं होती. इथं काय आहे?"

मग म्हणाली, "ती बाई लामिछाने दिदीशी बोलायची, सर. मी मधे बसून ऐकायची."

पौडेलबाई फोन करायची. "भाऊ बरा आहे का? केव्हा येता? गच्ची ओस पडलीय." दिदी हो हो म्हणायची. दसैंच्या दिवशी पुन्हा फोन आला. पौडेलबाई म्हणाली, "यंदाची पूजा तुम्ही आल्याशिवाय मी करणारच नाही."

दिदी म्हणाली, "दिदी, आम्ही कामी. मी दलित सदस्य आहे."

मी विचारलं, "मग काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. फोन चालू होता. तिच्या गच्चीवरचे कावळे ऐकू येत होते. मग म्हणाली, तिकडे थंडी सुरू झाली असेल ना. मी म्हटलं, झाली. तिनं ठेवला."

पौडेलबाई कुणालाही वाईट बोलली नाही. महिन्याभरानं यामबहादुरला एवढंच म्हणाली की पुतण्या परदेशातून येतोय, खोली लागेल. यामबहादुर बायको-पोरांना घेऊन तिनाऊ नदीपलीकडे गेला. पत्र्याची खोली, कारखाना लांब. आईला त्यानं एकदाच फोन केला. "आमा, तुला खरं बोलायचं होतं तर स्वतःच्या घरात बसून बोलायचं होतंस. माझ्या घराचं का बोललीस?" त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. नात आस्था अधूनमधून आईच्या फोनवरून चोरून बोलायची. शाळेचं सांगायची, दोन मिनिटं. 'बाबा आले' म्हणून ठेवायची.

सुनकेसरी दिदीला त्याबद्दल रडताना मी पाहिलं नाही. फक्त एकदा बैठकीत रस्त्याच्या ठरावावर सही करायची होती, तेव्हा तिनं लेखणी हातात धरली आणि ती कागदावर टेकलीच नाही. अध्यक्ष म्हणाले, "दिदी?" ती म्हणाली, "हां, हां," आणि सही केली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघण्यापूर्वी तिच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तिनं मक्याच्या पिठाचा ढिंडो रटरटत ठेवला होता, मला जेवायला थांबा म्हणाली नाही, आणि मी थांबतो म्हणेपर्यंत तिनं माझ्यासाठी बाहेर पिढं मांडलंही होतं. मी बाहेरच बसलो. आत चला, असं ती म्हणेल म्हणून वाट पाहिली. ती म्हणाली नाही. मी आपण होऊन उठलो नाही.

"सर, नवे सचिव येणार?"

"येणार. चितवनकडचे आहेत."

"त्यांना एक सांगून ठेवा. बैठकीचा निरोप एक दिवस आधी पाठवा म्हणावं. गुडघ्यांमुळे आता मला वर यायला फार वेळ लागतो. तुम्ही मला सकाळी कळवायचात, मी पळत यायची."

मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे कधी विचारलंच नव्हतं. कार्यालयात परत येऊन मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि वृत्तांताच्या वहीत पहिल्या पानाला टाचणीनं लावलं. नव्या सचिवानं ती वाचली की नाही, मला माहीत नाही.