न उघडलेलं घड्याळ

जळगावच्या घड्याळवाल्या नानांचे माझ्यावर उपकार आहेत. इथं मस्कतच्या हॉटेलात कच्ची केळी सोलताना चिकाचा वास आला की माझं गाव यावल आठवतं, आणि मग नाना. आठवीतच शाळा सुटलेला मी. दहा वर्षं राबल्यावर मालकानं भारी ऑटोमॅटिक घड्याळ दिलं. त्यात मी गावाकडचीच वेळ ठेवतो, आई केळीच्या बागेतून घरी आली असेल हे मनगटावर कळतं. मागच्या सुट्टीत ते रोज दहा मिनिटं पुढं पळायला लागलं. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सर्व्हिसिंगला टाकलं तर ते मागं राहणार, नाही टाकलं तर कायमचं बिघडेल, या धास्तीनं मी नानांकडे गेलो. त्यांनी होकायंत्र जवळ धरलं, सुई गर्रकन वळली. "काम काय करस रे भाऊ?" स्वयंपाकघरात सुऱ्या चिकटवायच्या पट्टीलाच मी रोज घड्याळ लावायचो, ते सांगितलं. नाना खो खो हसले. "घड्याय शे का सुरी? चुंबक लागेल शे याले. खोलानी गरज नही." एका छोट्या यंत्रावर धरून त्यांनी चुंबक उतरवलं. "घड्यायले पाच वरीस होऊ दे, मंग सर्व्हिसिंगले लई ये." पुढच्या चैत्रात घड्याळाला पाच वर्षं भरतात. तोवर आई आणि नाना दोघंही धडधाकट असू देत. नानांना यावलला नेऊन, आईशेजारी बसवून, माझ्या हातचं जेवू घालणार आहे.