धुऱ्यावरची हाक

वलगावच्या शिवारात बुधाजीच्या गोफणीचं नाव होतं. भगवंतराव पाटलांची ज्वारी तो राखायचा, आणि पाखरांचा थवा कणसांवर टेकायच्या आत त्याचा दगड सणाणत जायचा. त्याची बायको पंचफुला त्या नेमाचं कौतुक गावभर सांगायची, पण "आमच्या घरचे" म्हणून. नाव कधी घेतलं नाही. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव निघाले, उपास सुटले, भगताचा अंगारा सुटला. या सगळ्यात ती नवऱ्याच्याही पुढं होती. एवढं ओझं एका दिवसात फेकणारी बाई, पण नवऱ्याचं नाव तेवढं जिभेवर येईना. "अवो" म्हटलं की भागत होतं, मग कोण कशाला विचार करतो?

त्या दीक्षेच्या थोडं आधी मचाणाचा खांब मोडला होता आणि बुधाजी खालच्या दगडावर डोक्यानं आपटला होता. बरेच दिवस शुद्ध नव्हती. मग उठला, भाकर खाल्ली, गोफण हातात घेतली. गाव म्हणालं, टणक माणूस आहे. जखम वरून भरली होती आणि आत डोकावायची कोणाला गरज वाटली नाही.

दहाएक वर्षांनी, केस पिकल्यावर, आतलं बाहेर येऊ लागलं. हातातलीच गोफण तो घरभर शोधायचा. पोटच्या पोराला, श्रावणला, "तू कोनाचा रे?" म्हणून विचारायचा. दाराशी कोणी आलं की चोर म्हणून उठायचा. शेजारची दुर्गाबाई म्हणाली, "बाहेरचं हाये माय. भगताले दाखव."

"सोडलं म्हंजे सोडलं," पंचफुला कडाडली. "मी दवाखान्यात नेतो त्याहिले."

अमरावतीच्या डॉक्टरांनी जुना वण चाचपला, बुधाजीला चार प्रश्न विचारले आणि मग तिच्याकडे वळले. भला माणूस होता, तिला समजेल असं बोलला.

"बाई, मेंदूतही राखणदार असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पेशी. एरवी गुमान बसतात. मार लागला की धावून जातात, मेलेलं-कुजलेलं खाऊन जागा साफ करतात. यांच्या डोक्यातही त्यांनी तेच केलं. पण मला वाटतं, आणि हे अजून पुस्तकांतही पक्कं नाही, की काहींच्या डोक्यात त्या पुन्हा शांत बसतच नाहीत. वय झालं की आणखी बिथरतात. चोर नसला तरी मारत सुटतात, आणि मार बसतो तो चांगल्या पेशींना."

"म्हंजे कुंपनच शेत खाते," पंचफुला म्हणाली.

"तसंच. याला औषध नाही. गोफण काढून घ्या. आणि जवळ जायच्या आधी लांबूनच नाव घेऊन हाक मारा. आपलं नाव माणूस फार उशिरा विसरतो."

गोफण काढली तर बुधाजीनं अन्न सोडलं. हात रिकामा, माणूस रिकामा. श्रावण म्हणाला, नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन ठेवू. तिथून हा परत येणार नाही हे पंचफुलेला कळत होतं. तिनं गोफण पुन्हा त्याच्या हाती दिली आणि भगवंतरावांना हात जोडले, की मचाणावर बसू द्या, तिथं शांत असतो. तिथं खरंच तो शांत असायचा.

दुपारी ती भाकर घेऊन गेली. ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. आत कोण शिरलं ते मचाणावरून दिसत नाही, नुसते तुरे हलतात. म्हणून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक द्यायची, आणि राखणदार ओळखून "ये" म्हणाला की आत जायचं, अशी शिवाराची रीत.

"अवो! भाकर आनली!"

"कोन हाये?"

"मी हावो जी!"

"मी म्हंजे कोन? कोनाच्या घरची? नाव सांग!"

पलीकडच्या पऱ्हाटीत दुर्गाबाई आणि आणखी बाया कापूस वेचत होत्या. त्यांचे हात थांबले. डॉक्टरांचं बोलणं पंचफुलेला आठवलं. नाव ओठांपर्यंत आलं. एवढ्या बायांच्या देखत, या वयात! तिला लाज वाटली आणि हसूही आलं. पदर तोंडाला लावून ती हसतच ज्वारीत शिरली.

दगड कानाच्या वर बसला.

बुधाजी मचाणावरून उतरला. "मालक, चोर पाडला!" म्हणून ओरडला. रक्तात पडलेल्या बाईजवळचं फडकं त्यानं सोडलं, भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो चमकला. "हे तं पंचफुलेच्या हातची भाकर," धावत आलेल्या दुर्गाबाईला तो म्हणाला, "या चोट्टीजवळ कशी आली?"

पंचफुला जगली. श्रावणनं नागपूरची तयारी केली, पण खाटेवरून तिनं बजावलं, "चूक मायी हाये, त्याहिची नाई. कोनी हात लावायचा नाई." गोफण मात्र तिनं स्वतः चुलीत घातली. आणि त्या दिवसापासून अंगणाच्या कडेला उभी राहून, गाव ऐकेल अशी हाक ती मारू लागली, "ओ बुधाजी!" बाया हसल्या, मग हसायच्या थांबल्या. तो आतून "हो" म्हणायचा. बाई कोण ते त्याला कळायचं नाही, पण आपलं नाव ठाऊक असलेली बाई चोर नसावी, एवढं कळायचं. गोफण नसली तरी तिच्या हातून तो जेवायचा. असा तो आणखी काही दिवस जगला आणि घरच्या खाटेवर गेला.

पुढं काही वर्षं बरी गेली. मग एके सकाळी पंचफुलेनं चुलीवर पाण्याशिवाय भांडं ठेवलं. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तिचा हात आपोआप कानावरच्या वणाकडे गेला. फार भ्याली होती ती. मग तिनं सुनेला हाक मारली.

"इंदू, मले नावानं हाक मार. पंचफुला म्हन."

इंदूनं जीभ चावली. "असं काहून बोलता आत्याबाई? सासूचं नाव कसं घेऊ मी?"

"मी लाजली तसं तू करू नको. आतापासून लाग. मंग मले आत्याबाई म्हंजे कोन थे समजन नाई."

इंदू पदरात तोंड लपवून रडू लागली. पंचफुला चुलीपुढं बसून राहिली, तिच्या तोंडून आपलं नाव निघायची वाट पाहत.