कॅमेऱ्याच्या उजवीकडे

कॉलेजात मार्क चांगले पडतात म्हणून मी फ्रेंच घेतलं आणि त्यातच आयुष्य गेलं. फ्रेंचांनी जिथे जिथे राज्य केलं, तिथल्या लोकांची पुस्तकं आणि सिनेमे मी शिकवते. पनवेलच्या आमच्या सोसायटीत अजूनही काहींना वाटतं, मी कॅनडाच्या व्हिसासाठी क्लास घेते.

दोनेक वर्षांपूर्वी मॉरिशसच्या एका दिग्दर्शिकेने मला कच्चं फूटेज पाठवलं. भारतातून उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांवर ती माहितीपट करत होती. त्यातली एक फार म्हातारी बाई आधी तिथल्या क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या बोलीत बोलते आणि मग मध्येच भाषा बदलते.

"मराठी असावी, तू सबटायटल्स कर," दिग्दर्शिका फोनवर म्हणाली. "पण ती बोलते, गप्प बसते, पुन्हा बोलते. आमच्याशी नाही, कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघून. तिथे नुसती भिंत होती."

शूटिंगनंतर महिन्याभरात ती बाई वारली होती.

दुपारी हॉलमध्ये लॅपटॉप लावला. माझ्या उजव्या हाताला आई ताटात सुका जवळा निवडत बसली होती. आईचं माहेर उरणकडच्या चिरनेरजवळचं. लग्न होऊन शहरात आल्यावर तिने बोलणं बदललं, आमच्याशी ती कधीच माहेरच्या बोलीत बोलली नाही.

म्हातारी उजवीकडे वळली आणि म्हणाली, "कोन हाय गो?"

"मी हाय," आई म्हणाली. मान वर न करता.

मी हसले. पडद्यावरची बाई क्षणभर थांबून म्हणाली, "तू व्हय. पानी भरलं?"

"भरलं."

"आनि दार?"

"उघडंच हाय."

यावर म्हातारी घाबरली. चेहरा स्पष्ट दिसत होता, खुर्चीचा हात तिने घट्ट धरला. "लाव गो. ते येतील."

आईने ताट खाली ठेवलं, उठली, फ्लॅटचं दार लावलं, वरची कडीही घातली. म्हातारी तोवर गप्प होती. आई येऊन बसली तशी तिने श्वास सोडला आणि क्रिओलमध्ये नातवाकडे चहा मागितला.

मी फूटेज थांबवलं. "आई, कोण येणार होतं?"

"मला काय म्हाईत? तिला म्हाईत," आई म्हणाली आणि परत जवळा निवडायला लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दार कुणी लावलं गं? किती उकडतंय!" हे मात्र आमच्या नेहमीच्या बोलीत.

सबटायटल्समध्ये मी फक्त म्हातारीची वाक्यं लिहिली. दिग्दर्शिकेला एवढंच कळवलं, की मधल्या शांततेला कात्री लावू नकोस. तिने कारण विचारलं. अभ्यासकाला शोभेल असं, स्मृती आणि मौनाबद्दल काहीतरी मी लिहून पाठवलं. ते तिला आवडलंही.

पण एडिटरने शांतता कापलीच. पूर्ण झालेला सिनेमा आला तेव्हा मी मुद्दाम आईला शेजारी बसवलं. म्हातारी एका दमात विचारत गेली: कोण आहेस, पाणी भरलं का, दार लाव. वेड लागल्यासारखी. आईचे ओठ दोनदा हलले, पण तिला मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही.

"हिला आयकू येत नाय आता," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

गेल्या महिन्यात आई मावशीकडे उरणला गेली होती. मला त्या सिनेमावर एक प्रकरण लिहायचं होतं म्हणून मी एकटीनेच मूळ फूटेज लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली भाजीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं. म्हातारी उजवीकडे वळली.

"कोन हाय गो?"

मी बोलले नाही. ती वाट बघत राहिली. एवढी लांब शांतता त्या फूटेजमध्ये असल्याचं मला आठवत नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला आणि दार लावलेलं आहे ना, ते जाऊन बघितलं.

ते प्रकरण अजून लिहून झालेलं नाही.